आधी स्वतःच्या हाताची सवय मोज

पत्र: ताई, नमस्कार. मी २५ वर्षांचा आहे, नाशिकच्या इंदिरानगरला राहतो आणि सातपूरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत दीड वर्षापासून नोकरी करतो. द्राक्षांच्या पॅकहाऊससाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो. आमचे सीनिअर दादा माउसला हातही लावत नाहीत, सगळं काम त्या काळ्या स्क्रीनवर करतात. मी इकडे चार खिडक्या उघडून बसलेला असतो. सकाळची पहिली ४० मिनिटं तर तीन पॅकहाऊसचे लॉग (सर्व्हरवरच्या नोंदींच्या फाइली) बघण्यातच जातात. दादांसारखं व्हायचं म्हणून मी दोन रविवार घालवले. एका व्हिडिओत बघून माझं शेल, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, बदललं, बॅशवरून झेडशेलवर आलो आणि कुणाची तरी ८०० ओळींची कॉन्फिग फाइल उतरवून घेतली. आता टर्मिनल, म्हणजे ती कमांडची स्क्रीन, उघडायलाच ४ सेकंद लागतात, आणि त्यातल्या निम्म्या गोष्टी काय करतात ते मला कळत नाही. मालक म्हणाले, ‘हे टाइमपास बंद करा.’ मी हे सगळं सोडून देऊ का? व्हीएस कोड हा एडिटर सोडून व्हिम हा एडिटर शिकू का? आणि काळी स्क्रीन चांगली की पांढरी? मला तू म्हटलंत तरी चालेल.
— एक गोंधळलेला डेव्हलपर, इंदिरानगर

अरे, प्रश्न तू शेवटी विचारलेस, पण माझं लक्ष अडलं ते मध्येच आलेल्या एका वाक्यावर. सकाळची पहिली ४० मिनिटं लॉग बघण्यात जातात. हे तू तक्रार म्हणूनही लिहिलेलं नाहीस, इतकं ते तुझ्या अंगवळणी पडलंय. दोन रविवार खर्चून तू टर्मिनलचा रंग बदललास, प्रॉम्प्टवर बाण आणि चिन्हं आणलीस, आणि सोमवारी सकाळी पुन्हा तीच ४० मिनिटं तशीच घालवलीस. मला काळजी वाटते ती याची.

उतरवून घेतलेली फाइल वाईट नाही. ज्याने ती लिहिली त्याने ती पाच-सात वर्षांत एकेक ओळ करून वाढवली असणार. प्रत्येक ओळीमागे त्याला झालेला एखादा त्रास असेल. तो त्रास तुला झालेलाच नाही. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावला की डोकं दुखतं, त्यात दोष चष्म्याचा नाही आणि डोळ्यांचाही नाही. म्हणून सोडून देऊ नकोस, फक्त सुरुवात दुसऱ्या टोकाकडून कर. तुझे हात दिवसभर काय करतात ते आधी मोज.

हे मोजण्याचं साधन तुझ्याकडे आहेच. तू टाइप केलेल्या कमांड शेल एका मर्यादेपर्यंत लिहून ठेवतं. ती यादी हिस्ट्री या कमांडने मिळते. मात्र झेडशेलमध्ये नुसतं हिस्ट्री लिहिलंस तर शेवटच्या १६ च ओळी दिसतील, सगळी यादी हवी तर पुढे १ हा आकडा दे. त्या यादीत प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला अनुक्रमांक असतो आणि मग कमांड. आता त्या ओळी पाइपच्या उभ्या रेघेतून (ती एका कमांडचं उत्तर पुढच्या कमांडला देते) ऑक या रकाने वेगळे करणाऱ्या कमांडला दे आणि त्याला सांग, फक्त दुसरा रकाना छाप. म्हणजे नुसती कमांडची नावं उरतील. ती क्रमाने लावणाऱ्या सॉर्टला दे. मग युनिकला, मोजणीचा पर्याय लावून. मग पुन्हा सॉर्टला, या वेळी आकड्यानुसार आणि मोठ्याकडून लहानाकडे. शेवटी हेड, म्हणजे फक्त वरच्या ओळी. दहा ओळी हातात येतात.

यात दोनदा सॉर्ट कशाला, असा प्रश्न तुला पडला तर चांगलंच आहे. युनिक फक्त लागोपाठ आलेल्या सारख्या ओळी एकत्र करतं. मागची ओळ आणि ही ओळ, एवढंच ते बघतं. सारख्या ओळी यादीभर विखुरलेल्या असतील तर ते प्रत्येक ठिकाणी नव्याने एकपासून मोजायला लागतं. म्हणून आधी सॉर्टने सारखं सारख्याजवळ आणायचं. तुमच्या पॅकहाऊसमध्ये हेच चालतं. १६ मिलिमीटर मण्यांचे घड एकीकडे, १८ च्या मण्यांचे दुसरीकडे, आणि मगच पेट्या मोजायच्या. मिसळलेल्या ढिगातून कुणी पेट्या मोजत बसत नाही.

ही साखळी जोडण्याची कल्पना अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेतल्या डग मॅकिलरॉय यांची. ते बरीच वर्षं तिचा आग्रह धरून होते, आणि १९७३ मध्ये केन थॉम्प्सन यांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये पाइप आणला. त्याच सुमाराचं ग्रेप, फाइलीत शब्द शोधणारी कमांड. नाशिकमध्ये ग्रेप म्हटलं की डोळ्यांसमोर आधी द्राक्षं येतात, पण या ग्रेपचं नाव एड नावाच्या जुन्या एडिटरमधल्या आदेशावरून पडलं: सगळीकडे शोध आणि सापडलेली ओळ छाप. ऑक १९७७ चं, तिघा कर्त्यांच्या आडनावांची आद्याक्षरं घेऊन केलेलं नाव. पन्नास वर्षांच्या आसपासची ही अवजारं अजून प्रत्येक सर्व्हरवर जशीच्या तशी भेटतात. म्हणून तुझा पहिला वेळ त्यांना दे, चकचकीत गोष्टींना नंतर.

त्या दहा ओळी बघितल्यास की कळेल, तू दिवसातून किती वेळा फोल्डर बदलतोस, किती वेळा गिटला (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाला) स्टेटस विचारतोस. ज्या गोष्टी वर आल्या तेवढ्यांनाच छोटं नाव दे, म्हणजे एलियास कर. पहिल्या महिन्यात पाचांपेक्षा जास्त नको. आणि ती नावं मराठीत ठेवून बघ. माझ्या मशीनवर ‘सकाळ’ नावाची कमांड आहे, ‘आवर’ आहे, ‘कुठे’ आहे, रोमन अक्षरांत टाइप करायच्या. त्या लक्षात राहतात आणि युनिक्सच्या मूळ कमांडांशी सहसा टक्कर होत नाही. तरी नवं नाव ठेवण्याआधी टाइप या कमांडला विचारून घे की या नावाचं आधीपासून काही आहे का.

८०० ओळींची फाइल फेकून देऊ नकोस. दुसऱ्या नावाने बाजूला ठेव आणि रिकाम्या फाइलने सुरुवात कर. अडलं की तिच्यातून एक ओळ आण, समजून घे, मगच ठेव. प्रत्येक ओळीच्या वर ती कशासाठी आणली ते मराठीत एका वाक्यात लिही. पण ते ४ सेकंद नेमके कुठे जातात ते मात्र शोधून काढच, कारण ही शोधायची रीत तुला आयुष्यभर लागणार आहे. टाइम कमांड लावून शेल उघड आणि लगेच बंद कर, आकडा कागदावर लिही. मग फाइलचा अर्धा भाग बंद कर, पुन्हा मोज. वेळ उतरला तर दुखणं त्या बंद अर्ध्यात, नाही तर उरलेल्यात. मग त्या अर्ध्याचं अर्ध. अर्ध करताना एखादा इफचा, म्हणजे अटीचा, ठोकळा मधोमध तुटणार नाही एवढं बघ. ८०० ओळी असल्या तरी दहाएक फेऱ्यांत तू एका ओळीवर येतोस. गिटमधलं बायसेक्ट याच पद्धतीने बिघाड आणणारा कमिट, म्हणजे नोंदवलेला बदल, शोधतं. माझ्या अनुभवात अशा वेळी बहुधा नोड या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामच्या आवृत्त्या सांभाळणारं एनव्हीएम सापडतं. ते प्रत्येक खिडकी उघडताना लोड होण्याऐवजी नोड पहिल्यांदा मागितल्यावर लोड होईल असं करता येतं.

आता तुझी ती ४० मिनिटं. आधी कंप्यूटर बंद ठेव. कागदावर मराठीत लिही, तू रोज नेमकं काय करतोस: तिन्ही सर्व्हरवर जातो. कालच्या तारखेचा लॉग उघडतो. त्यात एरर शोधतो. कोणती चूक किती वेळा आली ते नजरेने मोजतो. सगळ्यात जास्त वेळा आलेल्या पाच चुका दादांना व्हॉट्सअॅपवर लिहितो. पाच वाक्यं झाली ना? आता एकेका वाक्याची एक ओळ करायची.

सर्व्हरवर जाणं सोपं करायला, दूरच्या सर्व्हरशी जोडून देणाऱ्या एसएसएचच्या फोल्डरमध्ये कॉन्फिग नावाची फाइल असते. तिच्यात पत्ता, युजर आणि की (किल्लीची फाइल) एकदाच लिहायची आणि त्यांना टोपणनाव द्यायचं. पुढे नुसतं एसएसएच पिंपळगाव, एसएसएच दिंडोरी. कालची तारीख डेट कमांड देते. एरर असलेल्या ओळी ग्रेप देतो. ओळीच्या सुरुवातीची वेळ काढून टाकायची, कारण ती प्रत्येक ओळीत वेगळी असते आणि मोजणी बिघडवते. आणि पुढे? सॉर्ट, युनिक, सॉर्ट, हेड. हिस्ट्री मोजायला जी साखळी वापरलीस तीच ही. एकदा हाताला आली की ती हजेरीच्या फाइलवर चालते, पावत्यांवर चालते, बँकेच्या सीएसव्हीवरही चालते.

सगळं मिळून पंधरा-वीस ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने चालणाऱ्या कमांडची फाइल, होईल. तिच्या सुरुवातीला सेट उणे ई लिही, म्हणजे कमांड फसली की स्क्रिप्ट पुढे रेटत न जाता थांबेल. पाइपमधल्या मधल्या कमांडचं अपयश पकडायला पाइपफेलही लाव. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेव. ग्रेपला काहीच सापडलं नाही तर तोही अपयशाचाच निरोप देतो, आणि मग ज्या दिवशी एकही एरर नाही त्या चांगल्या दिवशी स्क्रिप्ट मध्येच थांबेल. त्या ओळीला तेवढी सूट देऊन ठेव. व्हेरिएबलभोवती अवतरणचिन्हं नेहमी दे. ‘युनिट २’ अशा मोकळी जागा असलेल्या नावाची फाइल आली की अवतरणाशिवाय तिचे दोन तुकडे होतात. लिहून झालं की शेलचेक नावाच्या साधनातून स्क्रिप्ट काढ. ते अशा चुका ओळीसकट दाखवतं.

मालकांशी वाद घालू नकोस. दर शुक्रवारी काम संपल्यावर २० मिनिटं यासाठी ठेव, ऑफिसच्या वेळेत रंग निवडत बसू नकोस. महिन्याभरात तुझा सकाळचा अहवाल दोन मिनिटांत यायला लागला की तो मालकांपुढे ठेव. छोट्या कंपनीच्या मालकाला दीड वर्ष नोकरी झालेल्या मुलाची रोजची ४० मिनिटं परत मिळणं म्हणजे काय, ते समजावून सांगावं लागत नाही.

आणखी एक गोष्ट आहे जी त्या ८०० ओळी लिहिणाऱ्याला माहीत असण्याचं कारण नाही. तुमच्या पावत्यांवर शेतकऱ्यांची नावं मराठीत असणार. टर्मिनलमध्ये ‘नाशिक’ हा शब्द वर्ड काउंटला दे आणि बाइट मोजायला सांग: १५. मग अक्षरं मोजायला सांग: ५. आपल्याला तर तीनच अक्षरं दिसतात, ना, शि, क. काना आणि वेलांटी ही कंप्यूटरच्या लेखी स्वतंत्र चिन्हं आहेत, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. (शब्द प्रिंटएफ या छापणाऱ्या कमांडने दे. एको या दुसऱ्या छापणाऱ्या कमांडने दिलास तर ओळ संपल्याचं एक चिन्ह जास्त मोजलं जातं.) आता कुणी पावतीवरचं नाव २० बाइटांवर कापलं तर विसाला तीनाने भाग जात नाही, सातवं चिन्ह मधूनच तुटतं आणि शेतकऱ्याच्या नावाच्या शेवटी प्रश्नचिन्हाचा चौकोन छापला जातो. स्वतःचं नाव असं तुटलेलं हातात पडलं तर कुणालाही ते लागेल. हे तपासणारी छोटी स्क्रिप्ट तू लिहिलीस तर तुझ्या कंपनीत तिचा उपयोग कुठल्याही थीमपेक्षा जास्त आहे.

एका बाबतीत मी कडक सांगणार आहे, कारण त्याची किंमत मी मोजली आहे. फाइल पुसणाऱ्या आरएम कमांडचा एलियास करून ‘आधी विचार, मग पूस’ असं करायचा सल्ला तुला जागोजागी मिळेल. मी २०११ मध्ये तसा केला होता. माझं मशीन प्रत्येक फाइलला विचारायचं आणि मी हवं तिथे नाही म्हणायचे. हळूहळू मला सवयच लागली की चांदणी टाकून सगळं निवडायचं आणि मग प्रश्नांना उत्तरं देत छाटत जायचं. अंबडच्या एका कारखान्याच्या सर्व्हरवर एका दुपारी मी तेच केलं. तिथे माझा एलियास नव्हता. एकही प्रश्न आला नाही, कर्सर शांतपणे पुढच्या ओळीवर आला. त्या दिवसाच्या सकाळपासूनच्या आवक नोंदी गेल्या. बॅकअप आदल्या रात्रीचा होता. स्टोअरकीपर काका रजिस्टरमधून एकेक नोंद वाचत गेले आणि मी रात्री अकरापर्यंत टाइप करत बसले. ते एका शब्दानेही मला बोलले नाहीत, आणि तेच अजून आठवतं.

तेव्हापासून माझा नियम हा: धोक्याच्या कमांडचा अर्थ बदलायचा नाही. सोय हवी तर नवं नाव दे, जसं माझं ‘आवर’ फाइल पुसत नाही, एका फोल्डरमध्ये हलवतं. ते नाव परक्या सर्व्हरवर नसेल तर ‘अशी कमांड नाही’ एवढंच उत्तर येईल, नुकसान होणार नाही. आणि पुसण्याची कुठलीही स्क्रिप्ट आधी आरएमच्या जागी एको लिहून चालव. काय काय पुसलं जाणार आहे ते डोळ्यांनी बघ, मग एको काढ.

याच कारणासाठी ग्राहकाच्या सर्व्हरवर काहीही सजवू नकोस. तिथे साध्या अवजारांवर काम करता यायला हवं. अपवाद टीमक्सचा. तो तिथे असेल किंवा टाकायला परवानगी असेल तर नक्की वापर. आपल्याकडे वीज गेली, राउटर बंद पडला की एसएसएच तुटतं आणि तासभर चाललेलं डेटाचं काम अर्ध्यावर मरतं. टीमक्समध्ये सुरू केलेलं काम सर्व्हरवर चालूच राहतं. लाइट आली की पुन्हा जोडून घ्यायचं.

स्वतःच्या लॅपटॉपवर नवीन साधनं दोनच घे. एक रिपग्रेप, २०१६ चं. ते प्रोजेक्टमध्ये झपाट्याने शोधतं आणि गिटने दुर्लक्षित केलेल्या फाइली आपोआप वगळतं. दुसरं एफझेडएफ, २०१३ चं. कंट्रोल आर दाबून जुनी कमांड शोधताना ते अर्धवट आठवणाऱ्या अक्षरांवरूनही ओळ काढून देतं. बाकी लोक सांगतील ती पन्नास साधनं सध्या राहू देत. हिस्ट्रीची मर्यादा मात्र वाढव. बॅशची मुळात ५०० ओळींची असते, उबुंटू ती १००० करतं, तू दोन्ही शेलमध्ये ती एक लाख कर. आणि हिस्ट्रीत पासवर्ड जाऊ देऊ नकोस. सुरुवातीला मोकळी जागा सोडलेली कमांड नोंदवायची नाही असा पर्याय दोन्ही शेलमध्ये आहे.

तुझ्या कॉन्फिग फाइली गिटमध्ये ठेव. गिटहबवर सगळ्यांना दिसतील अशा टाकण्याआधी त्यात एखादी की किंवा ग्राहकाचा पत्ता राहिला नाही ना, ते दोनदा तपास.

व्हिमबद्दल: व्हीएस कोड सोडू नकोस. तुझा हात त्यावर बसलाय आणि टर्मिनल त्याच्या आतच उघडतं. पण व्हिमचा पूर्वज व्हीआय जुजबी यायलाच हवा, कारण सर्व्हरवर बहुधा तोच असतो. आत लिहायला आय, बाहेर यायला एस्केप, साठवून निघणं, न साठवता निघणं, शोधणं. एवढं एका संध्याकाळचं काम. एच, जे, के, एल या कळांनी कर्सर का हलतो याचं कारण सांगते, म्हणजे ते पाठ करावं लागणार नाही. १९७६ च्या सुमारास बिल जॉय यांनी व्हीआय लिहिला तो एडीएम-३ए नावाच्या टर्मिनलवर, आणि त्या कीबोर्डवर बाण याच चार कळांवर छापलेले होते. होम हा शब्दही तिथे त्याच कळेवर होता जिच्यावर नागमोडी रेघ होती. तू आपल्या होम फोल्डरसाठी रोज जी नागमोडी रेघ टाइप करतोस ती तिथून आली.

शिकायला व्हिडिओ कमी कर आणि मॅन पानं, म्हणजे कमांडची माहितीची पानं, वाच. मॅन, पुढे कमांडचं नाव. आत तिरकी रेघ देऊन शोधता येतं, क्यू दाबलं की बाहेर. ही पानं तुझ्या मशीनवरच असतात. मी पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जायचे तेव्हा इगतपुरी सुटली की कसारा घाटात नेट जायचं, आणि त्या बोगद्यांच्या पट्ट्यात मी ऑक आणि फाइंडची पानं वाचून काढली. फाइंडचं पान लांबलचक आहे, तरी सोडू नकोस.

आणि तुझ्या दादांकडे बघून मनात कमीपणा आणू नकोस. त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून आठवड्यातून एकदा बस आणि एकच विचार, ‘दादा, हे आत्ता काय केलंत?’ माउस न वापरणाऱ्या माणसाला हे कुणी विचारलं की तो मनापासून सांगतो. मलाही असंच एकाने शेजारी बसवून शिकवलं.

राहिला रंगाचा प्रश्न. खिडकीजवळ, उजेडात बसत असशील तर पांढरी, नाही तर काळी. डोळे दुखले तर अक्षर मोठं कर, रंग बदलत बसू नकोस. फक्त मराठी नावं बरोबर दिसतात का, हे टर्मिनलमध्ये ठरवू नकोस. बरीच टर्मिनलं प्रत्येक चिन्ह ठरावीक रुंदीच्या चौकटीत बसवतात, त्यामुळे वेलांटी आणि जोडाक्षरं हललेली दिसतात आणि चूक नसताना चूक वाटते. तेवढ्यासाठी फाइल ब्राउझरमध्ये उघड. आणि या शुक्रवारी त्या दहा ओळी निघाल्या की मला पाठव, पहिले पाच एलियास कोणते करायचे ते आपण मिळून ठरवू.